अण्णांना तीन मिनिटं बसवण्याची गोष्ट

आमच्या बैठकीत आई-अण्णांच्या लग्नाचा एक फोटो लावलेला आहे. त्यात नवरी आहे, भटजी आहेत, मागे दात काढून उभे असलेले दहा-बारा पाहुणे आहेत, आणि नवरीच्या शेजारी एक रिकामा पाट आहे. नवरदेव नाही. म्हणजे आहे, पण तो शोधावा लागतो. फोटोच्या अगदी डाव्या कडेला एक वाकलेली पाठ दिसते, कानाजवळून मुंडावळीचं टोक लोंबतंय, ते आमचे अण्णा. फोटोवाल्यानं बटण दाबलं तेव्हा ते रेकॉर्ड पालटत होते.

अण्णा स्पीकरवाले. सिरसाळ्याकडच्या आमच्या गावात पाच एकर कोरडवाहू, आणि तिच्या जोडीला एक रेकॉर्डप्लेअर, एक ॲम्प्लिफायर, एक बॅटरी आणि दोन भोंगे. लग्न असो की बारसं, अण्णा सकाळीच बैलगाडीतून पोहोचायचे, भोंगे लिंबाच्या झाडाला उंच बांधायचे आणि सूर्य मावळेपर्यंत मशीनपाशी मांडी घालून बसायचे. आसपास दुसरा सेट नव्हता. त्यामुळे स्वतःच्या लग्नात स्पीकर कोण लावणार, हा प्रश्न अण्णांनी फारच चटकन सोडवला. त्या काळच्या लहान रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. म्हणून नवरदेव दर तीन मिनिटांनी पाटावरून उठायचा, सगळ्यांना ओलांडत मशीनपाशी जायचा, रेकॉर्ड पालटायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर त्यानं परत येऊन बसण्याचा खटाटोपही सोडून दिला. अंतरपाट धरला तेव्हा त्याला हाक मारून आणावं लागलं.

आईनं हे पन्नास वर्षं जपून ठेवलं. भाजीत मीठ जास्त झालं आणि अण्णा काही बोलले, की आई म्हणायची, "लग्नात बी उटून गेलते, आता बी उटा." तिचं माहेर मेंढपाळांचं. "माजा बाप शे-दोनशे मेंढरं एका शिट्टीत खाली बसवायचा," ती सुनेला सांगायची, "आन मला एवढा एक माणूस बसवता आला न्हाई."

अण्णांचंही म्हणणं होतं. स्वतःच्या लग्नाच्याही आधी, दुसऱ्या एका लग्नात यजमानांनी हाताला धरून ओढत नेलं म्हणून अण्णा पंगतीला बसले. वैशाख होता. तेवढ्यात लिंबाची सावली सरकली आणि पेटीतल्या अकरा रेकॉर्डी उन्हात पापडासारख्या वाकल्या. तेव्हापासून त्यांचा नियम एकच. मशीन चालू असताना मशीन सोडायचं नाही. जेवण ताटात तिथं, पाणी तांब्यात तिथं. पुढे कॅसेटी आल्या, मग मोठाले डीजे आले, अण्णांचा धंदा बसला, जुन्या मशीनच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या, आणि ते अंबाजोगाईला माझ्याकडे राहायला आले. नियम मात्र शाबूत राहिला. आजही मिक्सर चालू असेल तर अण्णा स्वयंपाकघरातून हलत नाहीत.

तर यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. हॉल घ्यावा, जेवण ठेवावं, असं माझ्या मनात होतं. मी आईला विचारलं. आई डाळ निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं:

"हाल नको, केक तर आजाबात नको. ह्यांना एक रेकॉर्ड सरस्तोवर माज्या शेजारी बसवून दाखव. बास."

"एवढंच?"

"एवढंच म्हनतो व्हय? पन्नास वर्सात झालं न्हाई ते."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. तह, वेढे, घेराव हे माझे रोजचे विषय. मला वाटलं, एका म्हाताऱ्याला एका खुर्चीवर तीन मिनिटं रोखायचं म्हणजे कितीसं अवघड असणार! आणि मग मला फोनवर ती जाहिरात दिसली. रेकॉर्डप्लेअर, पण ब्लूटूथवाला. मशीन एका खोलीत ठेवायचं, आवाज दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरमधून काढायचा, मध्ये वायर नाही. जगानं या यंत्राकडे संगीताची सोय म्हणून पाहिलं असेल. मी पाहिलं ते भिंत म्हणून. अण्णा आणि मशीन यांच्यामध्ये उभी करता येईल अशी चांगली नऊ इंची भिंत.

खोकं आलं. त्यात थर्माकोल होतं, थर्माकोलच्या आत पिशवी होती, पिशवीच्या आत पिशवी होती, आणि सगळ्यांत खाली माहितीची पुस्तिका. ती चौदा भाषांत होती. चौदांत मराठी नव्हती. चित्रांत एक हात होता, त्याला बोटं होती, आणि ती बोटं जे काही सहज करत होती ते माझ्या बोटांना एक तास जमलं नाही. एक रबरी पट्टा तबकडीखालच्या चाकाभोवती ओढून बारीक पितळी खुंटीला अडकवायचा होता. मी खुंटीला अडकवला की चाकावरून सुटायचा, चाकाला बसवला की खुंटी हसायची.

अण्णा दारात उभे राहून बघत होते. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या नामुष्क्या त्यांनी याच दारात उभं राहून बघितल्या आहेत.

"भोंगा कुठाय हिचा?"

"भोंगा नाही अण्णा, हा स्पीकर." मी पाण्याच्या तांब्याएवढा गोल डबा दाखवला.

"ह्यो? ह्याचा आवाज दाराबाहीर तरी जाईल का? लगीन कोनाचं हाय हे पलीकडच्या आळीला कसं कळायचं?"

"लग्न झालंय अण्णा. पन्नास वर्षांपूर्वी."

"सरक." त्यांनी मला बाजूला केलं, खाली बसले, दोन बोटांत तो पट्टा धरला, आणि मला नीट दिसायच्या आतच तो बसवला. मग आपल्या पेटीतून ती रेकॉर्ड काढली. त्यांच्या लग्नात त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळा वाजलेली. फडक्यानं पुसली, उजेडात तिरपी धरून पाहिली, आणि खिशातून एक रुपयाचं नाणं काढून सुईच्या दांडीवर ठेवलं.

"अण्णा, नाणं नाही ठेवायचं! याला मागं वजन दिलेलं असतं, आतच तोललेलं आहे सगळं."

"नानं न्हाई ठेवलं तर सुई उडती."

"ही नाही उडत."

"उडती," अण्णा म्हणाले आणि नाणं तिथंच ठेवलं. मी ते काढून घेतलं. त्यांनी दुसरं काढलं. सुपारीच्या अडकित्त्याशेजारी त्यांच्या खिशात सुट्ट्या नाण्यांचा हा एवढा साठा का असतो, हे मला त्या सकाळी समजलं.

लग्नाच्या वाढदिवशी सकाळी दहाला प्रयोग ठरला. मशीन बैठकीत. अंगणात, पत्र्याखाली, दोन खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर तो डबा. आई ठेवणीतलं लुगडं नेसून वेळेआधीच येऊन बसली होती. माझ्या बायकोनं तिच्या केसांत गजरा माळला होता. अण्णांना मी खांद्याला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आत पळालो, ब्लूटूथचं बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकायला लागला. बाहेर डब्यातून एका परदेशी बाईचा आवाज आला, की जोडणी झाली. मी विजयी वीरासारखी सुई सोडली.

बाहेर गाण्याऐवजी माझ्या मेव्हणीचा आवाज आला. खणखणीत.

"ताई, काय गं, सासूबाईंचं बोलून झालं का आज? मग करते फोन!"

तो डबा मशीनला जोडला गेलाच नव्हता. आदल्या दिवशी बायकोनं त्याच्यावर भजनं ऐकली होती, त्यामुळे त्यानं निष्ठेनं तिच्याच फोनचा हात धरला होता, आणि ती स्वयंपाकघरात बहिणीचे निरोप ऐकत होती. बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघराच्या दारात आली. आई स्टुलाकडे वाकली आणि डब्याला म्हणाली,

"न्हाई झालं अजून. थांब जराशी."

बायकोचा फोन बंद केला. माझाही बंद केला. पुन्हा बटण, पुन्हा दिवा, पुन्हा ती परदेशी बाई. या वेळी खरंच गाणं सुरू झालं. पत्र्याखाली ते जुनं, किंचित खरखरणारं गाणं भरलं आणि मी खिडकीतून बघितलं. आईनं मान टेकवून डोळे मिटले होते. अण्णा खुर्चीच्या कडेवर, एक पाय पुढे, एसटी आली की धावायच्या तयारीत असलेल्या माणसासारखे बसलेले. पण बसलेले.

अर्ध्या मिनिटात गाणं बंद पडलं. तबकडीच थांबली.

आईनं डोळे उघडायच्या आत अण्णा उठले होते. "बगितलं? सोडलं की बंद पडलं!" असं ओरडत ते आत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्यांच्या नातवाच्या जन्मालाही पाहिला नव्हता. रेकॉर्ड संपली की मशीन आपोआप थांबावं म्हणून त्याला मागे एक खटका दिलेला होता. ही लहान रेकॉर्ड, तिचा सुरुवातीचा भागच मशीनला शेवटासारखा वाटत होता. खटका सापडायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात अण्णांनी दांडीवर नाणं ठेवलं, मी काढलं. त्यांनी ठेवलं, मी काढलं. बाहेरून आईचा आवाज आला.

"मी एकलीच बसू का अशी? गजरा सुकाया लागला."

त्या आवाजात थट्टा नव्हती. माझ्या एकदम ध्यानात आलं, की आई त्या खुर्चीवर, शेजारची खुर्ची रिकामी, जवळजवळ तासभर बसली होती. मला त्या यंत्राचा असा संताप आला, की ते उचलून गावाबाहेर मुकुंदराजाच्या समाधीपाशी आहे त्या दरीत टाकावं.

"अण्णा, बाहेर जा. बसा. उठू नका. काहीही झालं तरी उठू नका."

"काय बी झालं तरी? आन सुई..."

"अण्णा!"

ते गेले. मी सगळं बंद केलं, सगळं परत चालू केलं, कारण पुस्तिकेतल्या चौदा भाषांचा एवढा एकच सारांश मला लागला होता. निळा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. सुई सोडली. तबकडी फिरतेय, सुई चालतेय, आणि अंगणात आवाज नाही. स्टुलावरचा डबा मुका. आईनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

आणि तेव्हा फाटकाबाहेरून गाणं आलं. असं तसं नाही. दणदणीत. लिंबावर भोंगा बांधल्यासारखं.

आमच्या शेजाऱ्याची काळी-पिवळी जीप आहे, केज रस्त्याला चालते. रोज सकाळी ती आमच्या फाटकापाशी उभी असते, आमच्या वस्तीतली केजची माणसं तिथंच चढतात, आणि सगळ्या जागा भरल्या की ती निघते. त्या जीपमध्ये शेजाऱ्यानं नुकताच मोठा टेप बसवलेला होता, तोही ब्लूटूथवाला. आमच्या मशीनला तांब्याएवढा डबा सोडून तोच सापडला होता. शेजारी फाटकातून आत आला.

"सर, ह्ये काय हो? तुमच्या घरातलं गानं माज्या गाडीत शिरलंय. बंद बी होईना. आत पाच-सा पॅसेंजर बसलेत, म्हनतात, कुनाचं लगीन हाय?"

अण्णा खुर्चीतून उठून फाटकापाशी गेले होते. हात कमरेवर, मान तिरकी.

"ह्येला म्हनत्यात आवाज," ते म्हणाले. "पार पान्याच्या टाकीपस्तोवर जात आसंल."

आई मात्र उठली नव्हती. ती जीपकडे बघत होती. मग ती सावकाश उठली, पदर नीट केला आणि शेजाऱ्याला विचारलं,

"मदल्या सीटवर कोन हाय रं?"

"मदली मोकळीच हाय मावशी, सगळी मागं बसलीत."

"भरली का गाडी?"

"न्हाई, आजून दोन-तीन पायजेत."

"बरं." ती अण्णांकडे वळली. "चला, आत बसा. आवाज तिथंच हाय न्हवं?"

अण्णांना आवाज जवळून ऐकायचाच होता. ते फारसा विचार न करता जीपमध्ये चढले आणि सरकत सरकत पलीकडच्या खिडकीपाशी जाऊन बसले.

"मावशी, त्या बाजूचं दार आतून उघडत न्हाई," शेजारी म्हणाला.

"ठावं हाय मला," आई म्हणाली. मग ती चढली, अण्णांच्या शेजारी, दाराच्या बाजूला ऐसपैस बसली, दार ओढून घेतलं आणि खिडकीतून मला हाक मारली. "आता लाव रे. पयल्यापासून."

मी आत धावलो. सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली. जीपमधून अण्णांच्या सूचना येत होत्या. "आदी पुसून घे! दांडी सोडताना हात हालवू नको! नानं ठेव!" मग गाणं सुरू झालं आणि त्यांचा आवाज त्याच्याखाली बुडाला. मी खिडकीशी आलो. जीपच्या मागच्या बाकांवरची सगळी माणसं पुढे वाकून या दोघांकडे बघत होती. आई समोर बघत होती. अण्णा एकदा दाराकडे बघायचे, एकदा आईकडे, एकदा आमच्या घराकडे. एक मिनिट झालं. दीड मिनिट झालं. आईनं हात उचलून अण्णांच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.

आणि सुई अडकली.

गाणारी बाई एकाच अर्ध्या ओळीवर येऊन थांबली. पुन्हा तीच अर्धी ओळ. पुन्हा तीच. मी मशीनकडे वळलो तेवढ्यात बाहेरून आईची आरोळी आली,

"हात लावू नको!"

मी तिथल्या तिथे थिजलो. जीपमध्ये रण पेटलं होतं.

"आगं, सुई आडकली! नानं न्हाई ठेवलं त्यानं! उतरू दे मला!"

"रेकॉर्ड सरस्तोवर बसायचं ठरलंय. सरली का?"

"सरल कशी? आडकलीय ती!"

"सरली न्हाई ना? मग बसा."

"आगं, रेकॉर्ड खराब होती!"

"होऊ द्या. माजं लगीन खराब झालं तवा तुमी बघाया आलता का?"

मागच्या बाकावरचा एक म्हातारा पागोटंवाला मोठ्यानं हसला. एक बाई म्हणाली, "बसा की वं दादा, काय बिघडतंय." अण्णांनी पलीकडचं दार हलवून पाहिलं. ते खरंच उघडत नव्हतं. त्याच वेळी कोपऱ्यावरून एक जोडपं लगबगीनं आलं, जागा आहे का विचारून मागे चढलं, आणि शेजाऱ्यानं सवयीनं मान वळवून माणसं मोजली.

"भरली," तो म्हणाला आणि मग एकदम गोंधळला. "न्हाई, म्हंजी, मावशी, तुमी..."

"भरली तर सोड की मग गाडी," आई म्हणाली.

"पर केजला जातीय मावशी!"

"जाऊ दे केजला. केजला काय वाघ हाय का?"

शेजाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीच्या गजांना धरून उभा होतो. माझ्या आईला माझ्या परवानगीची गरज पडेल, अशी वेळ त्या दिवशीपर्यंत आलेली नव्हती, आणि त्या दिवशीही आली नाही. त्यानं किल्ली फिरवली. जीप हलली, त्या अडकलेल्या अर्ध्या ओळीसकट. अण्णा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले, "मशीन चालू हाय! मशीन चालू हाय रं!" वळणापाशी पोहोचेपर्यंत गाण्याची ती तुटकी ओळ ऐकू येत होती, मग जीप दूर गेली आणि ब्लूटूथ तुटलं.

मी आत आलो. आमच्या बैठकीत तबकडी मुकाट्यानं फिरत होती, सुई एकाच रेघेत उड्या मारत होती, आणि ज्यांच्यासाठी ती लावली ते दोघं घरात नव्हते. मी सुई उचलली, मशीन बंद केलं, माझा फोन परत चालू केला, रेकॉर्ड पुसून तिच्या पाकिटात घातली आणि दोन्ही खुर्च्या आत आणल्या. बायकोनं विचारलं, "स्वयंपाक किती जणांचा करू?" मी म्हणालो, "आपल्या दोघांचा."

पाऊण तासानं फोन वाजला. अण्णा. मागे केजच्या बसस्टँडचा गलका.

"उचलली का सुई?"

मी मशीनकडे बघितलं. ते खोक्यात घातलेलं होतं, झाकण लावून.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "अजून चालूच आहे."

पलीकडे अण्णांनी खोल श्वास घेतला. मग त्यांच्या शेजारून, अगदी शेजारून, आईचा आवाज आला,

"काय म्हनतोय? सरली का?"

"न्हाई म्हनतोय," अण्णा म्हणाले. "चालूच हाय."

"मग च्या सांगा आजून एक," आई म्हणाली, आणि फोन बंद झाला.